वडावरचा यक्ष

भूत आहे की नाही, हा प्रश्न कीर्तनकाराला वर्षातून दहा वेळा तरी विचारला जातो. कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लागतो, आणि प्रसादाच्या रांगेतून कोणी तरी हळूच जवळ येऊन म्हणतो, "बुवा, तुम्ही शास्त्र शिकलेले. खरं सांगा, असतं का हो काही?" चाळीस वर्षे आम्ही या प्रश्नाला हसून बगल देत आलो. "बाबा रे, मनात पांडुरंग असला म्हणजे भुताला जागा कुठली?" एवढे म्हटले की विचारणाऱ्याचे समाधान होई आणि आमची सुटका होई. परंतु गेल्या माघात करंजाडे येथे एक गोष्ट घडली आणि ही सुटका आमची आम्हांलाच बोचू लागली. ती गोष्ट वाचकांपुढे ठेवतो. तीत दोष कोणाचा म्हणाल तर पहिला आमचा, हे आरंभीच सांगून टाकतो.

करंजाडे म्हणजे पनवेलला लागून असलेले आमचे गाव. पूर्वी येथे भातखाचरे होती. पलीकडे खाडी, खाजण आणि मिठागरे. आता सिडकोने आखलेली वसाहत आहे, उंच उंच इमारती आहेत. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे उठली; त्यांतली पुष्कळ मंडळी वडघर, करंजाडे या बाजूस नव्या घरांत राहायला आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने ये-जा करू लागली. गाव उठते तेव्हा माणसे भांडीकुंडी बांधून आणतात, देव आणतात. आणि गावची भुतेही त्यांच्या बरोबर येतात, बरं का! पिंपळावरचा मुंजा, बांधावर वाट चुकवणारा चकवा, खाडीकाठची हडळ, यांच्या गोष्टी आता इमारतींच्या जिन्यांत बसून सांगितल्या जातात. पोरे ऐकतात, घाबरतात आणि पुन्हा "सांगा ना" म्हणतात.

दत्तजयंतीच्या सुमारास येथे सप्ताह झाला. एका रात्री कीर्तनसेवा आमची होती. रात्रीचे अकरा वाजत आले, थंडी पडलेली, श्रोते पेंगू लागले. विषय मायेचा चालला होता. अशा वेळी श्रोत्यांना जागे करण्याच्या ज्या युक्त्या जुन्या कीर्तनकारांपाशी असतात, त्यांतली एक आम्ही काढली. हडळीचा दृष्टांत दिला. पुढून पाहावे तर गोजिरी, मागून पाहावे तर पोकळ, आणि पाय उलटे, म्हणून ती येते आहे की जाते आहे हे माणसाला उमगत नाही. माया अशीच आहे, असे आम्ही सांगितले. आवाज खाली आणला, मृदंग थांबवला, पांढरे लुगडे, हातात मिणमिणता दिवा, असे वर्णन मोठ्या रसाने केले. पोरे एकमेकांना चिकटली. बायकांनी पदर सावरले. पेंग पार उडाली. आम्ही मनात म्हटले, आज कीर्तन रंगले.

पुढे माघात एके दिवशी आमच्या नातवाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बांधकाम थांबलेली एक इमारत, पहाटेचे धुके, आणि तिच्या मागून पांढरे काही तरी हळूहळू चालले आहे, हातात उजेड. खाली लिहिलेले, 'करंजाड्यात हडळ.' व्हिडिओ कोणी काढला ते कोणास ठाऊक नाही. परंतु दोन दिवसांत तो घरोघर पोहोचला. मुलांनी संध्याकाळची शिकवणी बंद केली. तिसऱ्या दिवशी पहाटे चार-पाच पोरे दगड घेऊन त्या इमारतीपाशी दबा धरून बसली. पांढरे दिसले, दगड सुटले, आणि किंकाळी आली ती माणसाची.

विमानतळासाठी उठलेल्या एका गावच्या त्या आजीबाई. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी कधी न चुकलेली. पहाटे मोबाइलच्या उजेडात त्या मोकळ्या जागेतून जायच्या आणि पलीकडच्या कुंपणावरची तगरीची फुले देवाला आणायच्या. दगड खांद्याला लागला, त्या पडल्या, उजवा हात मोडला.

आम्ही भेटायला गेलो. पाया पडून म्हटले, "माउली, फार वाईट झालं. पोरांना अक्कल नाही." आजीबाई हसल्या. म्हणाल्या, "पोरांचा राग नाय मना, बुवा. पन हडलीचं पाय उलटं, पांढरा लुगरा, हातान दिवा, ही गोष्ट त्यांना तुमच्याच कीर्तनान मिलली ना?"

सज्जनहो, आमचा चेहरा उतरला. सबंध कीर्तनातले मायेचे विवेचन कोणालाही आठवत नव्हते. हडळ मात्र घराघरांत जाऊन पोहोचली होती. दृष्टांत राहिला आणि ज्याच्यासाठी दृष्टांत दिला ते दार्ष्टांतिक वाहून गेले. तेव्हापासून आम्ही जो विचार केला, तो आता सांगतो.

प्रथम एक शंका दूर करू. भुताची गोष्ट सांगणे हेच पाप आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. कोकणातल्या घरांनी शेकडो पावसाळी रात्री या गोष्टींवर काढल्या आहेत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा-गूढकथा वाचत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. आपला वेताळ तर पाहा. तो विक्रमाच्या पाठीवर बसतो तो न्याय-अन्यायाचे प्रश्न विचारायला. गोव्यात आमोणे, लोलये या गावी तोच बेताळ देव म्हणून पुजला जातो. नाथमहाराजांनी भारुडांत विंचू आणला, भूत आणले. तुकोबारायांनी तर एका अभंगात प्रत्यक्ष पांडुरंगालाच भूत म्हटले, की जो त्याच्या वाटेला गेला तो झपाटलाच, पुन्हा संसारात परतला नाही. संत भुताला घाबरले नाहीत, त्याला कामाला लावले.

शिवाय या भुतांची कुळे पाहिली तर मन द्रवते. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेलेला पोरगा मुंजा होतो. ज्याच्यामागे पाणी द्यायला कोणी नाही तो समंध होतो. म्हणजे ज्यांचे सुख अर्धे राहिले, ज्यांना आपण जगताना सांभाळले नाही, त्यांचीच ही नामावळी आहे. जुन्या माणसांनी आपले दुःख आणि आपली टोचणी पिंपळावर नेऊन टांगली, असे आम्हांला वाटते. तेव्हा गोष्टीचा आम्ही द्वेष करीत नाही. प्रश्न एवढाच आहे, की गोष्टीतले भूत गोष्टीबाहेर कधी येते, आणि त्याला बाहेर कोण आणतो?

याचे उत्तर आम्हांला आमच्या जुन्या पोथीत सापडले. पाठशाळेत असताना प्रमाणांचा विचार शिकलो. एखादी गोष्ट खरी हे कशावरून जाणावे? नैयायिक चार साधने मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे वाटेल त्याचे बोलणे नव्हे. आप्ताचे, जाणत्या व विश्वासू माणसाचे बोलणे. पौराणिक मंडळी यांत आणखी काही जोडतात, त्यांतल्या एकाचे नाव ऐतिह्य. पिढ्यान् पिढ्या लोक बोलत आले, ते ऐतिह्य. आणि त्याचे शास्त्रकारांनी दिलेले उदाहरण कोणते असेल? 'या वडावर यक्ष राहतो' हेच! अहो, हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांनाही लोकांत पसरलेल्या बातमीचा नमुना म्हणून झाडावरचे भूतच आठवले. वाचस्पतिमिश्रांनी सांख्यतत्त्वकौमुदीत हा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या बोलण्याचा मूळ वक्ता कोण हे ठाऊक नाही, ते बोलणे संशयित. त्याला प्रमाण म्हणता येत नाही. वक्ता आप्त आहे असे ठरले, तर मग ते शब्दप्रमाणातच मोडते. त्याला निराळे नाव कशाला?

विद्यार्थी असताना हे आम्ही घोकले आणि परीक्षेत लिहिले. यक्षावर हसलोही. परंतु त्यातला नीतीचा अर्थ आम्हांला त्या आजीबाईंच्या खाटेपाशी कळला. 'प्रथम कोणी सांगितले?' हा प्रश्न पंडितांच्या वादापुरता नाही. दुसऱ्याला काही सांगण्यापूर्वी प्रत्येक भल्या माणसाने स्वतःला विचारण्याचा तो प्रश्न आहे. करंजाड्याच्या व्हिडिओला वक्ता नव्हता. ज्याने पाठवला तो म्हणाला, "मला आला, मी पुढे पाठवला." त्याच्या आधीचाही तेच म्हणाला. सर्वांनी सांगितले आणि सांगणारा कोणीच नाही. वडावरचा यक्ष असाच जन्माला येतो.

कोणी म्हणेल, हे जुन्या काळी होत असेल, आता लोक शिकले. तर त्याला दुसरा अनुभव सांगतो. २०१८ साली 'तुंबाड' नावाचा चित्रपट निघाला; २०२४ मध्ये तो चित्रगृहांत पुन्हा लागला तेव्हाही लोकांनी गर्दी केली. त्यात हस्तर नावाचे एक पात्र आहे. सोन्याचा आणि अन्नाचा लोभी, देवीचा शापित पुत्र. चित्रपट करणाऱ्यांनी लोभाचे रूप म्हणून हे पात्र रचले, आणि रचले मोठे प्रभावी. एका कीर्तनानंतर चांगला शिकलेला तरुण आमच्याकडे आला आणि विचारू लागला, "बुवा, हस्तराची कथा कोणत्या पुराणात आहे?" आम्ही म्हटले, "अठरा पुराणांत नाही, बाबा. ती चित्रपटातली आहे." त्याला ते पटेना. "नाही हो, कोकणात फार जुनी आहे म्हणतात." कोण म्हणतात? ते त्याला सांगता येईना. पाहा, येथे मूळ वक्ते कोण हे पडद्यावर नावानिशी लिहिलेले आहे. तरी दहा वर्षांच्या आत लोक ते नाव विसरले आणि गोष्ट 'फार जुनी' झाली. यात चित्रपटवाल्यांचा दोष आम्ही धरीत नाही. त्यांनी गोष्ट गोष्ट म्हणून सांगितली. 'रात्रीस खेळ चाले' मालिका २०१६ साली आली, 'मुंज्या' चित्रपट २०२४ साली आला. घरोघर लोकांनी पाहिले, घाबरले, हसले, दिवा मालवून झोपले. बिघडले काहीच नाही. सांगणाऱ्याचे नाव पुसून जेव्हा कोणी म्हणतो की हे आपल्याच गल्लीत, आपल्याच शेजारणीच्या ठायी घडले आहे, तेव्हा बिघडते.

वेदान्तात दोरी आणि साप यांचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. अंधारात दोरी पडलेली असते, माणूस साप समजतो आणि घाबरून पळतो. साप खोटा, पण पळताना पाय मोडला तर तो खराच मोडतो. २००१ च्या मे महिन्यात दिल्लीत रात्री एक माकडमाणूस फिरतो अशी आवई उठली होती. उन्हाळ्यामुळे गच्चीवर निजलेली माणसे "आला, आला" म्हणून घाबरून पळाली, खाली पडली आणि दगावली. पोलिसांनी शोधले, माकडमाणूस कोठेच सापडला नाही. आता या दृष्टांताचा पुढला भाग पाहा. दोरीला साप समजून कोणी काठी मारली, तर दोरीला दुखत नाही. परंतु माणसाला भूत समजून काठी मारली, तर ज्याला लागते तो आपल्यासारखाच हाडामांसाचा असतो. अध्यास दोरीवर झाला तर फक्त अज्ञान. माणसावर झाला तर हिंसा.

आपल्या आया मुलांना भिववतात, "झोपलास नाही तर बागुलबुवा येईल, झोळीत घालून नेईल." किती निरुपद्रवी वाटते! परंतु १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे काय झाले ते आठवावे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असा निरोप मोबाइलवरून त्या सुमारास गावोगाव फिरत होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत त्या गावी आले. बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. ज्या मातीत चोखोबांनी देह ठेवला तिथली ही माणसे. जमावाने त्यांना बागुलबुवा ठरवले आणि पाचही जणांना ठार मारले. मुले पळवणारे कोणी नव्हतेच. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान अशाच आवईच्या रात्री मारले गेले. त्या जमावांतली माणसे जन्मतः खुनी होती असे आम्ही म्हणत नाही. त्यांतले कित्येक घरी लेकरांवर माया करणारे असतील. लेकरांच्या मायेनेच भ्याले असतील. परंतु भ्यालेला माणूस आणि सांगणाऱ्याचे नाव नसलेली गोष्ट एकत्र आली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. झोळी खांद्यावर घेऊन भिक्षा मागणे ही तर आपल्या भूमीत साधूची खूण. तीच खूण मरणाची झाली.

आता काही वारकरी मंडळी म्हणतील, "बुवा, तुम्ही सुधारकांच्या पंगतीत बसलात. शास्त्रात भूतयोनी सांगितली आहे; गीतेतही भुतांचा उल्लेख आहे." आहे, अवश्य आहे. सतराव्या अध्यायात भगवंतांनी श्रद्धेचे तीन प्रकार सांगितले. सात्त्विक लोक देवांना भजतात, राजस लोक यक्षराक्षसांना आणि तामस लोक भूतप्रेतांना. परंतु भगवंत तेथे भुताची वार्ता देत नाहीत. ते आपल्या मनाची परीक्षा घेत आहेत. तुझी श्रद्धा कोठे जडली आहे ते पाहा, कारण माणूस श्रद्धेसारखाच घडतो. रात्रंदिवस भुताचे व्हिडिओ पाहणारे मन कसे घडेल, हे निराळे सांगायला नको. आणि भूतयोनी आहे असे क्षणभर मानले, तरी शेजारच्या बाईला हडळ ठरवून दगड मारण्याची आज्ञा कोणत्या शास्त्रात आहे? ती कोठेही नाही. तेव्हा भूत आहे की नाही या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपले कर्तव्य त्याआधीच ठरलेले आहे.

दुसऱ्या बाजूचे लोकही आहेत. ते विचारतात, "यक्षाला साक्षीदार नाही म्हणून तुम्ही त्याला टाकता, मग तुमचा पांडुरंग तरी कोणी पाहिला? तोही ऐतिह्यच नव्हे काय?" हा प्रश्न कठीण आहे आणि रागावून टाळण्यासारखा नाही. आम्ही त्याचा पुष्कळ विचार केला. आम्हांला जे सुचले ते असे. आपल्या संतांच्या अभंगांत शेवटी नाममुद्रा असते. ज्ञानदेव, नामा, एका जनार्दनी, तुका, जनी, चोखा. जे बोलले ते स्वतःच्या नावावर बोलले. 'लोक म्हणतात' असे म्हणून कोणी अभंग सोडून दिला नाही. त्यामुळे त्यांना जाब विचारता आला, आणि लोकांनी विचारलाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली असे परंपरा सांगते. पण त्यांनी 'हे मी म्हटलेच नव्हते' असे सांगितले नाही. नाममुद्रेने गोष्ट सिद्ध होते असा आमचा दावा नाही. परंतु तिच्यामुळे गोष्टीला धनी मिळतो. आपल्या बोलण्यासाठी जो सोसायला तयार आहे, त्याच्या अनुभवावर विसंबून चालणे आणि निनावी आवईमागे दगड घेऊन धावणे, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येणार नाहीत.

आणि फळही पाहावे. संतांच्या शब्दाने माणूस माणसाच्या पाया पडू लागतो. वारीत ओळखदेख नसलेले दोघे एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. आवईने ओळखीचा माणूसही परका होतो. ज्या बोलण्याने शेजाऱ्याविषयी भय उपजते, ते बोलणे किती का चमत्काराचे असेना, त्याच्यापासून वारकऱ्याने सावध राहावे.

येथे कायद्याचाही उल्लेख करणे प्राप्त आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाने कोणाला बांधून मारणे, अमुक व्यक्ती करणी करते किंवा सैतान आहे असे सांगून तिचे जिणे असह्य करणे, हे या कायद्याने गुन्हे ठरले. हा कायदा येण्यापूर्वी आपल्यापैकी पुष्कळांनी त्याला विरोध केला होता. वारीवर, कीर्तनावर गदा येईल अशी भीती होती. खरे सांगायचे तर ती भीतीही काही अंशी ऐकीवच होती. मूळ मसुदा फार थोड्यांनी वाचला होता, आणि आम्ही स्वतः न वाचताच बोलत होतो. यात्रा, प्रदक्षिणा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे त्यातच स्पष्ट म्हटले आहे.

पण आता या सवलतीकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहतो. कायद्याने कीर्तनाला मोकळे सोडले, याचा अर्थ कीर्तनकाराच्या जिभेवर बाहेरचा पहारा नाही. मग तो पहारा आम्हीच ठेवला पाहिजे. नारदाच्या गादीवर उभे राहून बोललेला शब्द श्रोते आप्तवाक्य म्हणून घरी नेतात. बाजारात कोणी हडळ सांगितली तर लोक निम्मे सोडून देतात. कीर्तनात सांगितली की तिला प्रमाणपत्र मिळते. आम्ही व्हिडिओ काढला नाही, दगड मारला नाही, हे खरे. परंतु त्या पोरांच्या डोळ्यांत पांढरे लुगडे आणि हातातला दिवा कोणी घातला? पेंगणारे श्रोते जागे व्हावेत, एवढ्या क्षुल्लक लोभासाठी? कीर्तन रंगल्याचा तो आनंद आता आठवला की लाज वाटते. गाडगेबाबांच्या कीर्तनातही श्रोते जागे राहत. बाबा त्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. भीती दाखवून जागे करणे सोपे, विचारायला लावून जागे करणे अवघड. आम्ही सोपे केले.

आजीबाईंनी निरोप देताना आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी बाप रात्री बत्ती घेऊन खाजणात चिंबोऱ्या धरायला जाई. लांबच्या गावचे लोक खाडीतले ते दिवे पाहून म्हणत, भुतांच्या दिवट्या निघाल्या. "आमी पोरा हसाचो," त्या म्हणाल्या. "आमाला म्हाईत होता, थो आमचा बापूस हाय." सज्जनहो, दूर अंधारात दिसणारा दिवा कोणाचा, हे त्याच्या घरच्या माणसाला विचारले असते तर भुताची दिवटी केव्हाच विझली असती. कोणी विचारले नाही. करंजाड्यातही पहाटे तिथून कोण जाते, हे जवळ जाऊन विचारायला पंचवीस पावले पुरे होती.

फाल्गुनातल्या एकादशीला मंदिरात पुन्हा आमची सेवा होती. निरूपणाला सुरुवात करण्यापूर्वी आम्ही उभ्यानेच सांगितले, "दत्तजयंतीला हडळीची जी गोष्ट सांगितली ती आम्ही रंगवून सांगितली. आम्ही हडळ पाहिलेली नाही. ज्यांनी आम्हांला सांगितली त्यांनीही पाहिलेली नव्हती. त्या गोष्टीने एका माउलीचा हात मोडला. दोष आमचा." सभामंडपात कोणी बोलेना. आजीबाई पुढेच बसल्या होत्या. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात चिपळ्या. दगड मारणाऱ्यांपैकी दोन पोरे कीर्तनानंतर त्यांच्या पाया पडली. बाकीची आली नाहीत. कदाचित पुढच्या एकादशीला येतील.

वाचकांना आमची हात जोडून विनंती इतकीच. भुताच्या गोष्टी सांगा, ऐका, पोरांना मांडीवर घेऊन घाबरवा आणि मग हसवा. मात्र गोष्टीला गोष्टच म्हणा. आणि मोबाइलवर कोणी हडळ, चेटकीण, मुले पळवणारा असा निरोप पाठवला, तर पुढे देण्यापूर्वी थांबून पाहा, की याला नाममुद्रा आहे काय? नसेल, तर आपले नाव त्याखाली घालून, 'हे मी पाहिले, याचा जाब मी देईन' असे लिहिण्याची तयारी आहे काय? तीही नसेल, तर तो निरोप तुमच्यापाशीच थांबू द्या. वडावर यक्ष आहे की नाही ते वड जाणे. वडाखालून जाणाऱ्याला दगड लागू नये, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

रामकृष्ण हरी.